ब्लॉगचे वाचक मला दुतोंड्या मारुतीपाशी भेटले

"काय गं, तुझ्या ब्लॉगला एवढे वाचक आले कुठून, जाहिरात केलीस का" असं गेल्या महिन्यात तिघींनी विचारलं आणि तिघींनाही मी फोनवर अर्धवट काहीतरी सांगितलं, म्हणून आज नीट बसून लिहितेय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, माझा ब्लॉग जुन्या नाशिकचा आहे, वाडे, आळ्या, कुंडं, रहाडी (रंगपंचमीचे जुने दगडी हौद), गंगेचे घाट (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो), जे डोळ्यांदेखत जातंय ते सगळं. दिवसभर एका सीएच्या ऑफिसात काम, रविवारी सकाळी पंचवटी नाहीतर भद्रकालीत फिरून फोटो, काही संदर्भ हवा असेल तर सावानात, म्हणजे सार्वजनिक वाचनालयात, जाऊन शोधायचं आणि रात्री लिहायचं. हे मी मनापासून करते, आणि ते कुणी वाचलं नाही तर मला वाईट वाटतं, हे आधीच सांगून टाकते.

पहिलं दीड वर्ष मी जे सगळे करतात तेच केलं. पोस्ट झाली की रविवारी रात्री नऊ वाजता व्हॉट्सॲपच्या चौदा ग्रुपवर लिंक. सोसायटी, दहावीची बॅच, माहेर, सासर, भिशी, ऑफिस, योगा. वर एक ओळ, "नवीन पोस्ट, नक्की वाचा". खाली दोन अंगठे, एक हात जोडलेला, आणि त्याच्या खाली लगेच कुणाचं तरी दुधाच्या हिशोबाचं. दुसऱ्या दिवशी ब्लॉगचे आकडे बघायचे तर पाच, सहा, कधी नऊ, त्यात दोन वेळा मी स्वतःच असायचे.

एकदा भाचीनं मला तिच्या फोनवर दाखवलं की आत्या, तुझी लिंक कशी दिसते बघ. मी पोस्टचा पत्ता मराठी मथळ्याचाच ठेवत होते, मला तेच छान वाटायचं, पण ब्राउझरमधून कॉपी केलं की त्यातलं प्रत्येक मराठी अक्षर, प्रत्येक काना-वेलांटीसुद्धा, टक्क्याच्या खुणांच्या नऊ-नऊ चिन्हांत बदलून जातं. नुसता 'नाशिक' हा शब्द पंचेचाळीस चिन्हांचा होतो! न, काना, श, वेलांटी, क, पाच गुणिले नऊ. अख्खा मथळा म्हटल्यावर स्क्रीनभर टक्केच टक्के. आजकाल लोकांना फसव्या लिंकची इतकी भीती आहे की असलं काही कोण उघडणार, मी स्वतः नसतं उघडलं. तेव्हापासून मथळा मराठीतच पण पत्ता रोमन अक्षरांत, तीन शब्दांचा. आणि लिंकबरोबर जो छोटा फोटो दिसतो ना, तोही माझा दिसतच नव्हता कारण मी कॅमेऱ्याचा थेट पाच-सहा एमबीचा फोटो टाकायचे, तो दोन-तीनशे केबीच्या आत आणला तेव्हा दिसायला लागला. एवढ्या दोन गोष्टींनी थोडा फरक पडला, पण थोडाच.

मध्ये एकदा पैसे देऊन पोस्ट जास्त लोकांना दाखवायचा प्रकारही केला, हजार रुपये, चार दिवस. लाइक भरपूर आले, वाचायला आले त्यांना हाताच्या बोटांवर मोजता आलं असतं. लाइक करणाऱ्यांत नाशिकचं कोण आहे हे बघत बसले तर बहुतेक प्रोफाइल कुठल्या कुठल्या गावांची, मराठी वाचता येतं का तेही कळेना. परत नाही केलं.

मग तो पावसाळा आला. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिककराचा फोन कसा होतो हे नाशिककरालाच माहीत, विसर्ग किती क्युसेक, होळकर पुलापाशी किती, आणि सगळ्यात मोठा प्रश्न, "मारुतीला पाणी कुठवर लागलं?" बाहेरच्यांसाठी सांगते, रामकुंडाच्या पुढे गंगेच्या पात्रातच दुतोंड्या मारुतीची मोठी मूर्ती आहे, दोन तोंडांची, आणि पूर किती आला हे आम्ही तिच्यावरून मोजतो. पायाला, कमरेला, छातीला, गळ्याला. आकडा कुणी विचारत नाही. आणि नारोशंकराच्या देवळाच्या घंटेला पाणी लागलं म्हटलं की मग म्हातारी माणसं गप्प होतात.

त्या दिवशी मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी होतं आणि सगळ्यांच्या स्टेटसला एकच फोटो. मी पण फोटो काढला होता, पण तो लावायच्या आधी सासूबाईंनी हातातला फोन घेऊन बघितला आणि म्हणाल्या, "एकोणसत्तरला हा दिसतच नव्हता गं." आणि मग त्या बोलायलाच लागल्या. १९६९ च्या सप्टेंबरातला पूर, त्या तेव्हा सराफ बाजाराजवळच्या वाड्यात राहायच्या, फ्रॉकातल्या. वडिलांनी दुकानातल्या वह्या आधी वर नेल्या आणि मग पोरं, यावरून आईनं पुढे आयुष्यभर त्यांना ऐकवलं. पाणी जिन्याच्या सातव्या पायरीला थांबलं. सातवी पायरी त्यांना अजून आठवते कारण तिचा कोपरा तुटका होता.

मी त्या दिवशी लिंक टाकली नाही. स्टेटसला पहिला मारुतीचा फोटो, मग दुसऱ्यावर तीन ओळी, तिसऱ्यावर तीन, अशी सासूबाईंची गोष्ट सहा स्टेटसमध्ये लावली आणि सातव्यावर लिहिलं, "पाणी सातव्या पायरीला कसं थांबलं आणि वाड्यात त्या रात्री कोण कोण होतं ते वाचायचं असेल तर मला 'पायरी' असा मेसेज करा." बस. स्टेटस चोवीस तासांत जातं, म्हणून लोकांनी पटापट केले. रात्रीपर्यंत चाळीसच्या वर 'पायरी' आले होते. चुलत दिरांचे, शाळेतल्या बाईंचे, आमच्या गॅसवाल्याचा, आणि जिच्याशी सात वर्षं बोलणं नव्हतं अशा एका मैत्रिणीचा. प्रत्येकाला मी हातानं उत्तर दिलं, नाव घालून, दोन शब्द बोलून, आणि मग लिंक. आणि त्यांनी वाचलं! कारण त्यांनी मागितलं होतं. वर त्यातल्या बऱ्याच जणांनी स्वतःच्या घरातल्या पुराच्या गोष्टी पाठवल्या, २००८ च्या, २०१९ च्या, एकीनं तर आजीचा आवाजच रेकॉर्ड करून पाठवला.

तिथून माझं सगळं बदललं. आता महिन्यातून एकच पोस्ट, आणि ती येण्याआधी चार-पाच दिवस स्टेटसवर तिचे तुकडे. जो मेसेज करतो त्याला सांगते की माझा नंबर सेव्ह करा, कारण ब्रॉडकास्ट लिस्टमधला मेसेज (एकदाच पाठवायचा, पण प्रत्येकाला वेगळा मिळतो तो) नंबर सेव्ह केलेल्यालाच जातो. एका लिस्टमध्ये २५६ माणसं बसतात, पहिली भरली, आता दुसरी चालू आहे. मला हे आकडे कुठल्याही फॉलोअरपेक्षा मोठे वाटतात कारण यातल्या प्रत्येकाशी मी एकदा तरी बोललेय. वेळ जातो, खूप जातो, पोस्टच्या दिवशी स्वयंपाक नवरा करतो. पण ज्यांना वाचक हवेत आणि बोलायला वेळ नाही त्यांना हा मार्ग सांगून उपयोग नाही.

एक दुखणं मात्र याच काळात झालं. पुराची गोष्ट एका पेजनं जशीच्या तशी उचलली, खाली माझं नाव होतं ते कापून, आणि ती फिरत फिरत माझ्याच सोसायटीच्या ग्रुपवर दोन बाणांचं फॉरवर्ड होऊन आली. सासूबाईंनी वाचली आणि म्हणाल्या, "अगं हे तर मी सांगितलेलं." मला रडू आलं. नंतर शांतपणे विचार केला की नाव तळाला असतं म्हणून कापता येतं. तेव्हापासून मी नाव गोष्टीच्या पोटात घालते. "सासूबाईंनी मला सांगितलं" असं न लिहिता त्यांच्या तोंडीच ब्लॉगचं नाव येईल असं वाक्य करते, वाड्याचा पत्ता आणि ब्लॉगचं नाव एकाच ओळीत गुंफते, ते काढायला गेलं तर गोष्टच तुटते. फोटोवरही नाव कोपऱ्यात नाही, दरवाजाच्या चौकटीवर नाहीतर पायरीवर, क्रॉप केलं तर फोटो जातो. परवा अशीच एक गोष्ट फॉरवर्ड होत होत पुण्याला पोचली आणि तिथून एक काका नाव शोधत ब्लॉगवर आले.

आता गिरणीचं सांगते, मला सगळ्यात आवडतं ते. आमच्या इथल्या पिठाच्या गिरणीत संध्याकाळी दळणाला थांबावं लागतं, बाकड्यावर पाच-सहा जण, सगळे फोनमध्ये. मला वाटलं हीच तर माझी माणसं. गिरणीवाल्या काकांना विचारलं, भिंतीवर एक क्यूआर कोड लावू का. ते म्हणाले, "ताई, लावा पण गल्ल्यापाशी नको, लोक दळणाचे पैसे तुमच्याकडं पाठवतील." बरोबरच होतं त्यांचं. म्हणून बाकड्याच्या समोरच्या भिंतीवर लावला, गडद तपकिरी छपाई, वर मोठ्या अक्षरात "पैसे नाही, गोष्ट", आणि खाली "दळण होईस्तोवर या गल्लीची गोष्ट वाचा". स्कॅन केलं की ब्लॉग उघडत नाही, थेट माझं व्हॉट्सॲप चॅट उघडतं आणि त्यात 'गिरणी' हा शब्द आधीच टाइप झालेला, समोरच्यानं फक्त सेंड दाबायचं. अशी लिंक फुकट बनवता येते. यासाठी मी वेगळा नंबर घेतला आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाकलं, त्यात लेबल लावता येतात, तर 'गिरणी', 'पायरी', 'रहाड' अशी लेबलं केलीत.

पहिला कागद आठवड्यात पांढरा झाला, पीठ बसून बसून. स्कॅनच होईना. तेव्हा वाचून काढलं की क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्हनं केला तोच मुळी गाड्यांच्या सुट्या भागांसाठी, कारखान्यात डाग-घाण लागणारच हे धरून, आणि त्यात दुरुस्तीच्या चार पातळ्या असतात, सगळ्यात वरची घेतली तर साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी चालतो. माझा सगळ्यात खालच्या पातळीचा होता, तिथे सातच टक्के. परत वरच्या पातळीचा काढला, लॅमिनेट केला, आणि काका आता गिरणी झाडताना त्याच्यावरून पण एक फडकं मारतात. मग सलूनवाल्यानं मागितला, झेरॉक्सवाल्यानं मागितला. जिथे माणूस थांबतो तिथेच लावते, आणि प्रत्येक ठिकाणी त्याच गल्लीची गोष्ट. अशोकस्तंभ भागातल्या दुकानात पंचवटीची गोष्ट लावली होती एकदा, कुणी स्कॅन केली नाही.

२७ फेब्रुवारीला सगळीकडे मराठी दिनाच्या त्याच त्या शुभेच्छा फिरतात, फुलांचं चित्र, खाली कवितेच्या दोन ओळी. तात्यासाहेबांच्या, म्हणजे कुसुमाग्रजांच्या, गावात राहून मला ते पुरेसं वाटेना. यंदा मी शुभेच्छा नाही पाठवल्या, विचारलं, "तुमच्या आळीतला एक शब्द पाठवा जो नव्या नाशकात ऐकू येत नाही." टेक आला, नाशिक टेकड्यांवर वसलेलं म्हणून चित्रघंटा, म्हसरूळ टेक. कारंजा आला, जो पत्ता सांगताना लागतोच. धप्पा आला, म्हणजे रंगपंचमीला रहाडीत मारायची उडी. बाहेरच्यांना सांगायला हवं, रहाड म्हणजे पेशवेकाळापासूनचा दगडी हौद, वर्षभर रस्त्याखाली बंद असतो, रंगपंचमीला उघडतात. ज्याचा शब्द त्याचं नाव, असं सगळं पोस्टमध्ये घातलं. ती पोस्ट मी कुठेच शेअर केली नाही, ज्यांची नावं होती त्यांनीच केली, एका काकूंनी तर प्रिंट काढून देवघराशेजारी लावलीये म्हणे.

गूगल मॅप्सवर पण मी फोटो टाकते, घाटांचे, कुंडांचे, देवळांच्या सभामंडपांचे, खाली दोन ओळी माहिती. तिथे लिंक टाकायची नाही, जाहिरात चालत नाही, पण प्रोफाइलचं नाव ब्लॉगचंच ठेवलंय, तेवढ्यावर लोक शोधत येतात. आणि रहाडीची पोस्ट होळीच्या महिनाभर आधी टाकायची, गूगलला ती सापडायला वेळ लागतो, शिवाय आपली माणसंसुद्धा रहाड हा शब्द रोमन अक्षरांतच टाइप करतात, म्हणून पोस्टच्या पत्त्यात तो तसाच हवा. इन्स्टावर मी फार नाही, तिथलं भाचीला विचारा.

काल रात्री गिरणीच्या नंबरवर एक फोटो आलाय. काझीपुऱ्याच्या बाजूचा वाडा, दरवाजावर कोरलेले दोन मोर, एकाची मान तुटलेली. खाली लिहिलंय, "ताई, पुढच्या महिन्यात पाडणारेत, आई म्हणते एकदा येऊन जा, तिला मोराची मान कशी तुटली ते सांगायचंय." रविवारी सकाळी आठला जातेय. सासूबाई म्हणाल्यात मी पण येते.