आमची वाटचाल: सिल, थर्माकोल आणि दुसऱ्याच्या कामाचं खापर

आम्हाला साइटवर 'पट्टीवाले' म्हणतात. भिंत एकजण ओततो, खिडकी दुसरा बसवतो, प्लास्टर तिसरा करतो आणि या तिघांच्या मधल्या जागेत आमची अॅल्युमिनियमची सिल, म्हणजे खिडकीखालची पाणी बाहेर टाकणारी उतरती पट्टी, जाते. काम शेवटी येतं, दिसतं सगळ्यात पुढे. त्यामुळे आतल्या भिंतीला ओल आली की खापर आधी आमच्या डोक्यावर फुटतं.

सुरुवात विटांच्या भिंतींवर झाली. तिथं फारसं डोकं लागत नव्हतं. गवंड्याने उतार काढून दिलेला असायचा, त्यावर सेक्शन, म्हणजे सिलची तयार पट्टी, टेकवायचा, मागची उभी कड खिडकीच्या फ्रेमला स्क्रूने धरायची, बाजूला सीलंट. आयसीएफ भिंती, म्हणजे थर्माकोलच्या साच्यात काँक्रीट ओतून साचा तसाच ठेवलेल्या, आल्या आणि हे गणितच बदललं. दोन्ही अंगांना 65 मिमी थर्माकोल, मध्ये 150 मिमी काँक्रीट, दोन्ही बाजू बांधून ठेवणारे प्लास्टिकचे टाय. भिंत 280 मिमी जाड, पण सिलचा पुढचा भाग जिथं येतो तिथं स्क्रू धरेल असं काही नाही. थर्माकोलमध्ये स्क्रू नुसता फिरतो. टायची पट्टी सापडली तर धरतो, पण ती मेकप्रमाणे 150 किंवा 200 मिमीवर असते. आपल्याला हवी तिथं कशाला येईल?

आमचे पहिले भागीदार, ज्यांना सगळे भाऊ म्हणायचे, पत्र्याच्या कामातून आलेले. तरी वाकवलेला पत्रा सिलला वापरायचा नाही, एक्स्ट्रूजनचाच, म्हणजे साच्यातून दाबून काढलेला, सेक्शन घ्यायचा, हा हट्ट त्यांचाच. 1 मिमी पत्रा उन्हात पोटात फुगतो आणि मधोमध पाणी साचतं. एक्स्ट्रूजनची जाडी 1.5 ते 2 मिमी असते, पुढचं नाक, म्हणजे खाली वळलेली कड, सरळ राहतं आणि एंड कॅप, म्हणजे टोकाचं झाकण, घट्ट बसते. भाऊंचा डिजिटल अँगल मीटर आजही आमच्या पेटीत आहे. उतार 5 अंशांपेक्षा कमी दिसला की ते पुढे काम करू देत नसत. 5 अंश म्हणजे 155 मिमी रुंदीत साधारण 14 मिमी उतार. डोळ्याने हा अंदाज कुणालाच येत नाही, जुन्या मिस्त्रींनाही नाही.

हे 155 कुठून येतात तेही सांगतो, कारण माप चुकतं ते इथंच. खिडकी काँक्रीटवर बसलेली आणि फ्रेमच्या बाहेर काँक्रीट 40 मिमी शिल्लक असेल, तर 40 अधिक थर्माकोल 65, अधिक प्लास्टर 10, अधिक नाकाचा भिंतीबाहेरचा पुढावा 40. सेक्शन ठरावीक रुंदीतच मिळतात, म्हणून 165 चा घ्यायचा. पुढावा 50 झाला तरी बिघडत नाही. पण 150 चा घेऊन 'चालतंय' म्हटलं तर तो 35 वर येतो, मग प्लास्टरवाल्याने थर थोडा जाड मारला की 30 च्याही खाली जातो आणि पाणी नाकावरून सुटायच्या ऐवजी भिंतीवरून ओघळतं. रंग उडाला की पुन्हा पट्टीवाल्यालाच फोन.

मधली वर्षं बरी गेली. कामं येत राहिली, माणसं वाढली.

मग ते मोठं काम आलं. सिल आमच्याकडे होती, पण सिलच्या खालचा उतार आणि वॉटरप्रूफिंगचा पडदा मुख्य कंत्राटदाराने वेगळा काढून दुसऱ्या एका फर्मला दिला. तीच फर्म सिलच्या कामातही आमच्यासमोर उभी राहायची आणि भाव पाडून कामं घ्यायची. आम्ही तेव्हाच लेखी कळवलं होतं की पडदा आणि सिल एकाच हातात असू द्या. उत्तर आलं नाही. पहिल्या पावसात खिडक्यांखाली आतून ओल उतरली आणि कंत्राटदाराने आमचं सगळं बिल अडवलं. बातमी पसरायला वेळ लागत नाही. हातातली दोन कामं गेली, माल देणाऱ्याने उधारी बंद केली, शटर ओढायचंच बाकी राहिलं.

गळती कुठून आहे हे भांडून ठरत नाही, पाणी टाकून ठरतं. आम्ही खालून वर गेलो. आधी सिलचं नाक टेपने बांधून वर पाणी उभं केलं. आत कोरडं. ते काढून पुसलं आणि पाइप फक्त बाजूच्या सांध्यावर धरला, जिथं खिडकी आणि उभी भिंत मिळतात. थोड्याच वेळात आत डाग उमटला. मग सिल उचलली. खाली पडदा होता, पण हवेत लोंबत होता. चिकटवण्याआधी डांबरी प्रायमर मारलेला, तोही सॉल्व्हंटवाला, आणि त्याने थर्माकोल वाळवी लागल्यासारखा पोखरून काढलेला. उताराची पाचर खचली होती, पाणी उलट आत, काँक्रीटकडे वाहत होतं. शिवाय खिडकीखालच्या काँक्रीटला हनीकोंब. बोट जाईल एवढ्या पोकळ्या.

या हनीकोंबचं कारण भिंत ओतणाऱ्यांना माहीत असतं आणि तरी ते तसंच सोडतात. खिडकीसाठी सोडलेल्या जागेची चौकट, म्हणजे बक, खालून पूर्ण बंद केली की काँक्रीट दोन्ही बाजूंनी येतं आणि मध्ये हवा अडकते. खालच्या फळीत मधोमध फट ठेवायची, तिथूनच काँक्रीट सोडायचं आणि व्हायब्रेटरही तिथूनच घालायचा. स्लम्प, म्हणजे काँक्रीट किती पातळ आहे त्याचं माप, 125 ते 150 मिमीच्या आसपास लागतो. कोरडं काँक्रीट या भिंतीत फिरत नाही. ओतून झाल्यावर थर्माकोलवर हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा, पोकळी असेल तर आवाज लगेच वेगळा येतो.

फोटो दिले, पाण्याची चाचणी सगळ्यांसमोर पुन्हा केली. तोंडी सगळं मान्य झालं. बिल मात्र तुकड्यातुकड्यांत आलं आणि शेवटचा तुकडा अजून यायचाय. ती दुसरी फर्म आजही तोच प्रायमर वापरते, हे आम्ही डोळ्यांनी बघितलंय.

त्या दिवसांत एक आर्किटेक्ट मॅडम आमच्या मागे उभ्या राहिल्या. ऐकीव गोष्टींवर न जाता त्या स्वतः साइटवर आल्या, उचललेल्या सिलखाली हात घालून बघितलं आणि पुढच्या कामाचा आगाऊ चेक दिला. अट एकच घातली: पडद्यापासून नाकापर्यंत सगळं तुम्हीच करायचं. आमची आजची पद्धत त्या अटीतून आली.

आता आम्ही थर्माकोल उन्हात पिवळा पडला असेल तर आधी रास्पने, म्हणजे खरखरीत घासणीने, ती पावडर काढतो, नाहीतर कुठलाही पडदा त्या पावडरीलाच चिकटतो. पाचर हॉट वायरने कापतो. ग्राइंडर थर्माकोलजवळ नेतच नाही, ठिणगी पडली की भोक. बिनसॉल्व्हंटचा, स्वतः चिकटणारा ब्यूटाइल (रबरी) पडदा, प्रायमर लागलाच तर पाण्यातला. टॉर्चने चिकटवायचा पडदा इथं आणूच नये. आतल्या बाजूला 25 मिमी उभी कड, दोन्ही बाजूंना भिंतीवर 150 मिमी वर, पुढे भिंतीच्या तोंडावरून 50 मिमी खाली. कोपऱ्यात पडदा कापायचा नाही, दुमडायचा किंवा तयार कोपरा लावायचा. जाळी आणि बेसकोट त्यानंतर.

रुंदी 150 च्या वर गेली की आधाराचे ब्रॅकेट 600 मिमीवर. ते काँक्रीटला धरतात, अगदी कडेला नाही, नाहीतर कड तुटते. ब्रॅकेटच्या प्रत्येक भोकाला खालून ब्यूटाइलचा तुकडा. सिलच्या पोटाला आवाज मारणारी टेप, नाहीतर पावसात ढोल वाजतो. सीलंटच्या रेघा खिडकीला समांतर मारू नका. आडव्या रेघेमागे पाणी अडतं, आणि खाली उतरलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट हवी. रेघा मागून पुढे मारा. सिलिकॉन न्यूट्रल क्युअर, व्हिनेगरचा वास येणारं नको. फोम वापरलाच तर कमी फुगणारा, टिपक्यांनी, आणि वर वजन. एकदा सिल वर ढकलली गेली की सगळा उतार गेला.

अॅल्युमिनियम वाढतं, हे लिहून भिंतीवर लावावं. 3 मीटरच्या तुकड्यात तापमानातल्या 60 अंशांच्या फरकाला 4 मिमीपेक्षा जास्त. काळ्या रंगाची सिल दुपारी आणि पहाटे मोठा फरक दाखवते. दोन्ही टोकांना 2 ते 3 मिमी जागा, सरकणारी एंड कॅप, तिच्याभोवती फुगणारी सीलिंग टेप. 3 मीटरच्या पुढे सलग तुकडा घालायचा नाही, जोड द्यायचा. एंड कॅप प्लास्टरमध्ये गच्च गाडली तर सिल वाढून प्लास्टरचा कोपरा उडवते, आणि तो तडा पाण्याला पुरतो.

बक लाकडी आणि तांब्याच्या औषधाने मुरवलेला असेल तर अॅल्युमिनियम त्याला थेट लावू नका, ओल मिळाली की पांढरी भुकटी सुटते. ओल्या सिमेंटचंही तेच. म्हणून संरक्षक फिल्म प्लास्टर होईपर्यंत काढायची नाही, पण प्लास्टर झाल्यावर लगेच काढायची. महिनोन्‌महिने उन्हात राहिलेली फिल्म सोलत नाही, तुकडे पडतात आणि गोंद मागे राहतो. तो गोंद सुरीने खरवडणारे आम्ही बघितलेत. साठ मायक्रॉनची पावडर कोटिंग सुरीसमोर किती टिकणार?