टेक्सासमधली चर्चची शाळा म्हणजे सोलापूरचं कॉन्व्हेंट नव्हे

सोलापुरात चर्चची शाळा म्हटलं की इंग्रजी माध्यम, कडक शिस्त, सिस्टरांचा धाक आणि प्रवेशासाठी पालकांची पळापळ, एवढं सगळं एकदम डोळ्यांपुढे येतं. त्या शाळेत मुलं असतात ती पद्मशाली घरातली, लिंगायत, मराठा, मुसलमान, जैन घरातली. ख्रिस्ती मुलं वर्गात मोजकीच. मी राहते त्या टेक्सासमधल्या डॅलस शहराच्या उत्तरेकडच्या भागातही चर्चच्या शाळा पुष्कळ आहेत. पण त्यातल्या बऱ्याचशा चर्चने स्वतःच्या मंडळींच्या मुलांसाठी काढलेल्या आहेत, आणि सरकारी शाळेतून मुलं बाहेर काढावीत हाच त्यांचा उघड उद्देश आहे.

यंदा सुट्टीत माहेरी आले तेव्हा भाचीच्या प्रवेशाची गडबड चालू होती. वहिनी म्हणाली, "वन्सं, तिकडं तर चर्चच्या शाळा लई असतील. मग घालायचं ना पोराला त्यात, सरकारी शाळेत कशाला?" तिच्या डोळ्यांसमोर आपल्याकडची सरकारी शाळा होती. तिथली सरकारी शाळा म्हणजे घरपट्टीतून चालणारी, पिवळी बस दारात येणारी, आमच्या कॉलनीतली जवळपास सगळी मुलं जातात ती शाळा. लोक घर घेताना आधी शाळा बघतात. तरीही हजारो आईबाप ही फुकट शाळा सोडून, पदरचे पैसे भरून, मुलांना चर्चच्या शाळेत घालतात. घरपट्टीतला शाळेचा हिस्सा त्यांना चुकत नाहीच. का घालतात, हे मला तिथे राहायला गेल्यावर हळूहळू कळत गेलं.

माझ्या ऑफिसमधल्या एका मैत्रिणीची मुलं अशाच शाळेत आहेत. शाळेच्या खुल्या दिवशी तिने मला आग्रहाने नेलं. रविवारी ज्या खोल्यांत मुलांना बायबलच्या गोष्टी सांगतात, त्याच खोल्यांत सोमवार ते शुक्रवार शाळा. भिंतीला लागून मुलांची टेबलं, आणि दोन टेबलांमध्ये मतदानाच्या टेबलावर असतो तसला आडोसा. मूल सकाळी येतं, आज कोणत्या विषयाची किती पानं करायची ते स्वतः लिहून ठेवतं आणि कामाला लागतं. काही अडलं तर आवाज द्यायचा नाही, टेबलावरची छोटी झेंडी वर लावायची. मग देखरेख करणाऱ्या बाई येतात. पुस्तिका पुरी झाली की मधल्या टेबलापाशी जायचं आणि उत्तरं ताडून स्वतःचं स्वतःच तपासायचं. फळ्यावर शिकवणं जवळजवळ नाही. ही पद्धत 1970 मध्ये टेक्सासातच सुरू झालेल्या ॲक्सिलरेटेड ख्रिश्चन एज्युकेशनची. लहानशा चर्चलाही तिच्या जोरावर शाळा काढता येते, कारण प्रत्येक विषयाला वेगळा शिक्षक लागत नाही. सगळ्या चर्चशाळा अशा नसतात. मोठ्या चर्चच्या शाळांत नेहमीसारखे वर्ग, प्रयोगशाळा, फुटबॉलचं मैदान असं सगळं असतं.

सकाळी अमेरिकेच्या झेंड्याला शपथ झाली, मग ख्रिस्ती झेंड्याला, मग बायबलला. विज्ञानाच्या पुस्तिकेत देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण केली, पृथ्वीचं वय काही हजार वर्षं, हे धडा म्हणून होतं. मला ते वाचून धक्का बसला आणि अजूनही पटत नाही. मुलाला श्रद्धा शिकवा, पण जीवशास्त्राच्या तासाला ती विज्ञान म्हणून शिकवू नका, असं माझं मत आहे. मैत्रिणीलाही मी ते सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, घरी एक आणि शाळेत दुसरं, असं मुलांना द्यायचं नाही, एवढ्यासाठीच तर इथे आणलंय.

खरं तर तिथल्या आणि आपल्याकडच्या चर्चशाळांतला फरक मला प्रवेशअर्जावर दिसला होता. कोणत्या चर्चचे सभासद आहात, किती वर्षं, आणि पास्टरचं, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूचं, शिफारसपत्र. आईबापांपैकी एक तरी ख्रिस्ती श्रद्धा मानणारा हवा, अशी अट. काही चर्चशाळा कुणालाही घेतात, आमच्या ओळखीची दोन-तीन मराठी मुलं तशा शाळेत आहेत. पण अशी अट घालणाऱ्याही बऱ्याच आहेत. आपल्याकडे कॉन्व्हेंटच्या फॉर्मवर अशी अट सहसा नसते. शिवाय आपल्या घटनेच्या कलम 28 प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला बसवताच येत नाही. टेक्सासात खासगी शाळेला राज्याची मान्यता घ्यावी लागत नाही, शिक्षकाला सरकारी प्रमाणपत्र लागत नाही. चर्चने ठरवलं की शाळा सुरू.

हे एका दिवसात झालेलं नाही. एकोणिसाव्या शतकात तिथल्या सरकारी शाळांतच प्रॉटेस्टंट पंथाचं बायबल वाचलं जाई, म्हणून दुसऱ्या मोठ्या ख्रिस्ती पंथाने, कॅथलिकांनी, आपल्या शाळा काढल्या. 1884 मध्ये बाल्टिमोरच्या धर्मपरिषदेने तर प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या मंडळींनी, शाळा काढावी असं ठरवलं. ओरेगन राज्याने सगळ्या मुलांना सरकारी शाळेत घालायची सक्ती केली, तो कायदा सुप्रीम कोर्टाने 1925 मध्ये रद्द केला. मूल राज्याच्या मालकीचं नाही, हा विचार तिथे पक्का झाला. मग 1962 आणि 1963 च्या निकालांनी सरकारी शाळांतली प्रार्थना आणि बायबलवाचन थांबवलं, आणि आता प्रॉटेस्टंट आईबाप बाहेर पडू लागले.

दक्षिणेत आणखी एक कारण होतं आणि ते टाळून हा विषय सांगणं अप्रामाणिक होईल. 1954 च्या निकालाने काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा बेकायदा ठरल्या. त्यानंतरच्या काळात गोऱ्यांनी काढलेल्या अनेक खासगी शाळा, त्यात चर्चच्याही, काळ्या मुलांना बाहेर ठेवण्यासाठीच होत्या. खासगी शाळेलाही वर्णावरून प्रवेश नाकारता येणार नाही, हे 1976 मध्ये कोर्टाला सांगावं लागलं. आज काळ्या समाजाच्या चर्चही शाळा चालवतात आणि माझ्या मैत्रिणीच्या शाळेत सगळ्या वर्णांची मुलं मी पाहिली. पण तो इतिहास जुन्या गावांत अजून लोकांच्या आठवणीत आहे.

आता गंमत बघा, आपल्याकडच्या बऱ्याच मिशन शाळा काढल्या त्या अमेरिकेतल्याच चर्चच्या लोकांनी. अमेरिकन मराठी मिशन 1813 मध्ये मुंबईत आलं, पुढे अहमदनगर, मग सोलापूर. नगरला मिस फॅरार यांच्या मुलींच्या शाळेने जोतिराव भारावून गेले आणि सावित्रीबाई तिथे शिक्षिकेचं प्रशिक्षण घेऊन आल्या. सोलापुरातली वोरोनोको शाळाही याच मिशनची. आमच्या गल्लीतल्या एक मावशी तिथे शिकलेल्या. कधीही विषय निघाला की त्या पदर सावरून ताठ बसतात आणि बाईंनी अक्षर कसं घोटून घेतलं ते सांगतात. त्या मिशनऱ्यांना धर्मप्रसार करायचा होताच, त्यांनी तो कधी लपवला नाही. पण ज्यांना कुणी शाळेत घेत नव्हतं त्यांना त्यांनी वर्गात घेतलं. म्हणूनच टेक्सासातला तो फॉर्म हातात घेतल्यावर मला वाईट वाटलं होतं.

सध्या तिथे वाद पेटलाय तो पैशांवरून. 2025 च्या मे महिन्यात टेक्सासच्या गव्हर्नरांनी नव्या कायद्यावर सही केली. सरकार 100 कोटी डॉलर बाजूला काढणार आणि 2026-27 पासून खासगी शाळेत जाणाऱ्या, योजनेत निवड झालेल्या मुलामागे साधारण 10 हजार डॉलर शिक्षणासाठीच्या खात्यात देणार. चर्चची शाळाही त्यात बसते, मात्र तिच्याकडे एखाद्या मान्य संस्थेचं प्रमाणपत्र हवं. मैत्रीण खूश आहे. इतकी वर्षं दोनदा पैसे भरले, आता थोडे परत मिळाले तर काय बिघडलं, हा तिचा सवाल रास्त आहे. पण या योजनेला आधी सर्वात मोठा अडसर घातला होता तो खेड्यांतल्या आमदारांनी, तेही सत्ताधारी रिपब्लिकन पक्षाच्याच. कारण खेड्यात दुसरी शाळा नसते. आहे ती सरकारी शाळा, गावातली बरीचशी नोकरदार माणसं तिथेच, आणि मूल कमी झालं की तिचं अनुदान कमी होतं.

हे मला सोलापूरकर म्हणून लगेच कळतं. आपल्या जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडी आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 मध्ये जगातला सर्वोत्तम शिक्षक म्हणून 10 लाख डॉलरचं बक्षीस मिळालं आणि त्यातलं अर्धं त्यांनी इतर स्पर्धक शिक्षकांना वाटून टाकलं. जिल्हा परिषदेची शाळा काय करू शकते हे आपण पाहिलंय. आणि पटसंख्या घटली की वाडीवस्तीवरची शाळा बंद होण्याची टांगती तलवार कशी असते, तेही पाहिलंय.

आईबापांनी स्वतःच्या श्रद्धेप्रमाणे मूल वाढवावं, त्यासाठी चर्चने शाळा काढावी, हा हक्क मी मनापासून मानते. मैत्रिणीच्या मुलांना जे प्रेम आणि लक्ष मिळतं ते मी स्वतः पाहिलंय. मात्र जी शाळा पास्टरचं पत्र नसेल तर माझ्या मुलाला दारातूनच परत पाठवेल, तिला सगळ्यांच्या करातून पैसा का द्यावा, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. मुलाच्या वर्गात व्हिएतनामी, मेक्सिकन, नायजेरियन, बॅप्टिस्ट, मुसलमान अशी मुलं एका टेबलाला बसतात. त्याने मागच्या वर्षी पहिल्यांदा घरी डबा बदलून खाल्लेली गोष्ट सांगितली तेव्हा मला आमची शाळा आठवली. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणाऱ्या पोरी एकाच बाकावर, आणि मधल्या सुट्टीत सगळ्यांचे डबे एकत्र.

वहिनीला मी सांगितलं, पोरगा सरकारी शाळेतच राहणार. तिथल्या सरकारी शाळांचा कारभार बघणाऱ्या आमच्या स्कूल बोर्डाच्या बैठकीत कुणाही रहिवाशाला नाव नोंदवून काही मिनिटं बोलता येतं. परत गेल्यावर ऑगस्टच्या बैठकीत मी नाव देणार आहे.