तुम्ही विचारलंत म्हणून: मिनिमल म्हणजे आपोआप जबाबदार का?

प्रॉडक्ट डिझाइनमध्ये काम करते असं सांगितलं की थोड्याच वेळात हा प्रश्न येतोच, की तुमचं ते मिनिमल डिझाइन पर्यावरणासाठीही चांगलंच असणार ना, कमी पार्ट, कमी मटेरियल, कमी कचरा? नाही हो. कधीकधी असतं, पण आपोआप तर अजिबात नाही.

वस्तूतून काहीही काढलं की मी एवढंच बघते की ते गेलं कुठे. कारण बऱ्याचदा ते नाहीसं होतच नाही, ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर जाते. फोनच्या मागचं उघडणारं झाकण गेलं, स्क्रू गेले, बॅटरी गोंदाने चिकटवली, फोन पातळ झाला, दिसायलाही छान झाला. पण लिथियमची बॅटरी वापरली तरी म्हातारी होते आणि नुसती ठेवली तरी होते, म्हणजे दोन-चार वर्षांनी ती बदलायची वेळ येणार हे डिझाइन करतानाच माहीत असतं. मग त्या काढलेल्या स्क्रूंचं ओझं कुणावर गेलं? आधी रिपेअरवाल्यावर, मग तुमच्या खिशावर आणि शेवटी कचऱ्यावर. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातल्या पाव हिश्श्याच्याही रीतसर रिसायकलिंगची नोंद नाही. गोंदामुळे पाणी आत जात नाही हे खरंय, ते कारण मी मान्य करते, पण रबरी सील आणि स्क्रू लावूनही पाणी अडवता येतं, फक्त थोडी जाडी वाढते. युरोपियन युनियनने तर आता कायदाच केलाय, फेब्रुवारी २०२७ पासून काही अपवाद सोडले तर छोट्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे.

चार्जरचंही असंच. २०२० मध्ये आयफोन १२ च्या बॉक्समधून चार्जर गेला, कारण काय तर लोकांकडे आधीच चार्जर आहेत. कल्पना वाईट नव्हती, पण बॉक्समधली केबल टाइप-सी वाली आणि बऱ्याच लोकांच्या घरातले जुने अडॅप्टर जुन्या यूएसबीचे, म्हणजे नवा अडॅप्टर नाहीतर जुनीच केबल, बघा काय ते! आधी सगळ्यांचं पोर्ट एक करा, मग चार्जर काढा, हा क्रम पाहिजे होता. युरोपात डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना टाइप-सी सक्तीचं झालं, तेव्हा कुठे त्या विचाराला अर्थ आला.

मिनिमलवाले सगळे डीटर राम्स या जर्मन डिझायनरचं नाव घेतात. त्यांची चांगल्या डिझाइनची १० तत्त्वं आहेत आणि लोकांना नेमकं शेवटचंच पाठ असतं, शक्य तितकं कमी डिझाइन. त्याच यादीत वस्तू प्रामाणिक असावी, टिकाऊ असावी, पर्यावरणाचा विचार करणारी असावी हेही आहे, ते कुणी पोस्टरवर लावत नाही. त्यांचं ६०६ हे भिंतीवरचं शेल्फ १९६० चं, आजही बनतं, हवं तसं वाढवता येतं, घर बदललं तर खोलून सोबत नेता येतं. आणि त्याचे पार्ट भरपूर आहेत बरं का, सगळे सुटे होणारे.

दुसरं म्हणजे बटणं. बटणं काढून सगळं टचस्क्रीनवर टाकलं की फोटोत वस्तू स्वच्छ दिसते पण वापरणाऱ्याला हाताने चाचपून काही कळत नाही, बघावंच लागतं, गाडी चालवताना सुद्धा. २०१७ मध्ये सिंगापूरजवळ अमेरिकन नौदलाचं जॉन एस. मॅकेन हे जहाज एका टँकरला धडकलं, १० खलाशी गेले, आणि चौकशीत गोंधळात टाकणाऱ्या टचस्क्रीन कंट्रोलचाही वाटा निघाला. नंतर नौदलाने जहाजाच्या वेगासाठी हाताने ढकलायचे खरे थ्रॉटल परत आणायचं ठरवलं. स्क्रीन हे एकच कारण नव्हतं, ट्रेनिंग कमी होतं, माणसं दमलेली होती, पण दमलेल्या माणसालाही कळेल असं करणं हेच तर आमचं काम.

अॅपमध्ये तर अजून मजा, सबस्क्राइबचं बटण ठसठशीत आणि कॅन्सल तीन मेनू आत, आणि वर सांगायचं की स्क्रीन क्लटर-फ्री ठेवलीय 🙂 ही साधेपणाच्या नावाखाली सरळ सरळ लबाडी आहे.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला, मग सुंदर, साध्या वस्तू करायच्याच नाहीत का? करायच्या की. मला स्वतःला त्याच आवडतात. पण मीटिंगमध्ये कुणी म्हणालं की स्क्रू दिसले तर लुक जातो, तर मी म्हणते तळाला लावू, तिथे कोण बघतंय. मग हळूच खरं कारण बाहेर येतं, की स्क्रू लावायला असेंब्लीत वेळ जातो, गोंदाला कमी लागतो. ठीक आहे, मग तो खर्चाचा निर्णय म्हणून मांडा आणि खर्चासारखीच चर्चा करू, त्यात सौंदर्याला कशाला ओढता.