शेजारशेजारी

टॅबवर दोन अ‍ॅप शेजारी-शेजारी उघडता येतात, याचं कौतुक ज्यांना वाटत नाही त्यांनी एकदा फोनवर आडत्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाचा कागद, तपासून बघावी. पट्टीचा फोटो उघडायचा, वजन ध्यानात धरायचं, कॅल्क्युलेटरवर जायचं, तिथं पोचेपर्यंत वजन विसरायचं, परत फोटोकडं. हमाली-तोलाईपर्यंत येता येता माणूस म्हणतो, जाऊ द्या, बरोबरच असंल. गावाकडचा भाऊ लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन घालतो आणि पट्टी मला धाडतो. आता डावीकडं पट्टी, उजवीकडं कॅल्क्युलेटर, आणि बेरीज आपोआप खरी बोलायला लागते.

आईला हे पटत नाही. "एक काहीतरी नीट बघ की. दोन्ही अर्धं-अर्धं बघायलास," म्हणते. तिचं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं नाही. क्रिकेटची मॅच आणि ऑफिसचं एक्सेल ही जोडी लावून बघा. विकेट पडते तेव्हा आपण एक्सेलमध्ये असतो आणि आकडा चुकतो तेव्हा मॅचमध्ये. दोन व्हिडिओ लावले तर आणखी मजा, एकाचा आवाज सुरू झाला की बहुतेक वेळा दुसरा गप्प बसतो.

खरं तर टॅबलाही हे शिकायला वेळच लागला. आयपॅड आला 2010 मध्ये, पण पडदा दोघांत वाटून द्यायची सोय त्यावर आली 2015 मध्ये. सॅमसंगनं आपल्या काही मोठ्या उपकरणांवर त्याआधीच ती दिली होती. अँड्रॉइडनं मात्र 2016 मध्ये, सातव्या आवृत्तीत, ती सगळ्यांसाठी खुली केली. त्यातही गंमत अशी, की दोन्ही अ‍ॅप समोर दिसायची, पण पुरती जागी असायची ती आपलं बोट शेवटी लागलं तेवढीच. दुसरी दिसायची, पण आतून थांबलेली. काहींतला व्हिडिओ तर सरळ बंद पडायचा. 2019 च्या दहाव्या आवृत्तीपासून दोन्ही एकदम जागी राहायला लागली. म्हणजे यंत्रालासुद्धा दोन गोष्टींकडं लक्ष देणं सहजी जमलेलं नाही. आईला हे सांगितलं नाही, तिला आयतंच सापडलं असतं.

माझं मत विचाराल तर सगळं जोडीवर आहे. आमच्याकडं सोयाबीनच्या चार ओळी आणि तुरीच्या दोन पेरतात. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास निघून जातं, तूर त्यानंतर मोकळ्या जागेत पसरते. दोघांची भूक एका वेळी लागत नाही, म्हणून एका रानात नांदतात. टॅबवरही तसंच, आडत्याची पट्टी नुसती उभी असते, राबतं ते कॅल्क्युलेटर. मधली काळी रेघही म्हणून निम्म्यावर ठेवू नये. सरकवून एकाला दोन हिस्से, दुसऱ्याला एक द्यावा. टॅब आडवाच धरावा. आणि लिहायचं काम असेल तर सावध, कारण कीबोर्ड वर आला की दोघांचीही खालची जागा खाऊन टाकतो. काही अ‍ॅप तर शेजार मुळातच नाकारतात, त्यांना पूर्ण पडदा लागतो. असतात अशी माणसं.

घरात या सोयीचा खरा उपयोग करतात ते आप्पा. रोज सकाळी डावीकडं ज्ञानेश्वरीच्या ओव्या, उजवीकडं दुसऱ्या प्रतीतला अर्थ. एक बाजू सरकवली की दुसरी जागची हलत नाही, म्हणून ते ओवीच्या आकड्यावरून जुळवत जातात. मग कुरकुर सुरू होते, कारण वेगवेगळ्या प्रतींतले आकडे कधीकधी एखाददुसऱ्यानं पुढंमागं होतात, शब्दही बदलतात. "यातलं खरं कुठलं धरायचं?" असं ते मला विचारतात, जसं काही मी संपादक आहे.

हाच प्रश्न पैठणला नाथांसमोर होता. पाठ बिघडलेल्या प्रती लोकांच्या हाती होत्या, आणि शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. हातानं लिहिलेल्या पोथ्या, पानं सुटी. एका पोथीतली ओवी दुसरीत हुडकायची, शब्द शब्दाला लावून बघायचा, ठरवायचं, आणि पुढच्या ओवीला पुन्हा तेच. हजारो ओव्या. शोधायला चौकट नाही, बोटानं मोठं करून बघायची सोय नाही. आप्पांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "नाथांचं ठीक आहे, त्यांना मधूनच कुणाचा फोन येत नव्हता."

हेही खरंच. व्हिडिओ कॉल आला की ओव्या आणि अर्थ दोन्ही झाकले जातात आणि पडदाभर भावाचं तोंड दिसतं, पाऊस पडला का विचारत.

परवा आप्पांनी नवीनच काढलं. दोन्ही वाचता वाचता मोंढ्याचा भाव कोपऱ्यात दिसला तर बरं, म्हणाले. सॅमसंगच्या टॅबवर तीन अ‍ॅप एकदम मांडता येतात आणि आमचा टॅब त्यातलाच आहे. पण ज्ञानेश्वरी वाचताना तुरीचा भाव पडलेला दिसला तर त्या दिवशीच्या ओव्यांचं काय होईल, याचा अंदाज असल्यामुळं मी "बघतो" एवढंच म्हणालो.