सासवडचा दुसरा मुक्काम

पुणे ते सासवड हा माउलींच्या पालखीच्या वाटेतला सर्वांत मोठा टप्पा असून तो नेमका ज्येष्ठ वद्य एकादशीला, म्हणजे उपवासाच्या दिवशी येतो. तीस किलोमीटरांहून अधिक चाल आणि त्यात शेवटी दिवे घाट, जिथे माउलींच्या रथालाही जादा बैलजोड्या जुंपाव्या लागतात. आम्ही दोघी तो घाट दोन केळी, वाटेत कोणीतरी द्रोणातून दिलेली साबुदाण्याची खिचडी आणि राजगिऱ्याचा एक लाडू एवढ्या शिदोरीवर चढलो. रात्री राहुटीत मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवून बसलो असताना उद्या चालायचे नाही, या एका विचारानेच डोळे मिटले.

सासवडला पालखीचा मुक्काम दोन रात्रींचा असतो. माझी मैत्रीण नागपूरची, मी चिपळूणची; पुण्यातल्या एकाच शाळेत ती चित्रकला शिकवीत असे आणि मी गणित. चालताना पुढच्या माणसाच्या पाठीवरच्या पिशवीपलीकडे काही दिसत नाही, अशी तिची तक्रार पहिल्या दिवसापासून होती. त्यामुळे द्वादशीला पहाटे दिंडीच्या पंगतीत वरणभाताने उपवास सोडल्यावर तिने पिशवीतून चित्रांची वही काढली आणि मला विश्रांती घेऊ दिली नाही.

आधी चांगावटेश्वराला गेलो. सासवडहून नारायणपूरकडे जाणाऱ्या वाटेवर, कऱ्हेच्या काठच्या उंचवट्यावर हे दगडी शिवमंदिर आहे. चौदाशे वर्षांचे योगी म्हणवणारे चांगदेव आणि हे ठिकाण यांचे नाते परंपरा सांगते. त्यांनी पाठवलेल्या कोऱ्या पत्राला उत्तर म्हणून ज्ञानदेवांनी ज्या ६५ ओव्या लिहिल्या, त्या चांगदेवपासष्टीच्या पहिल्याच ओवीत वटेशाचे नाव येते. मी ही पासष्टी हरिपाठाच्या पुस्तकाच्या मागच्या पानांत अनेकदा वाचली होती, पण तो ‘वटेश’ एखाद्या गावाबाहेरच्या देवळाशी जोडण्याचे माझ्या मनात कधी आले नव्हते. मंडपातल्या कोरीव खांबाला टेकून ती ओवी पुन्हा म्हणताना मला, खरे सांगायचे तर, थोडी लाजच वाटली. मैत्रीण तोवर बाहेर पायऱ्यांवर बसून नंदी काढत होती आणि दोन वारकरी बायका तिच्या खांद्यावरून वाकून शिंग आखूड झाल्याचे तिला सांगत होत्या.

परत येताना जुन्या वाड्यांच्या एका गल्लीत उंबऱ्याशी उभ्या असलेल्या आजींनी “माउली, दोन घास खाऊन जा,” असे म्हणत आम्हाला जवळजवळ हाताला धरूनच आत नेले. त्यांच्या घरी द्वादशीला वारकरी जेवल्याशिवाय घरची माणसे पानावर बसत नाहीत. चुलीवरची बाजरीची भाकरी, पातळसर पिठले, मटकीची उसळ, फोडलेला कांदा आणि तव्यावरच तांब्याच्या बुडाने रगडलेला हिरव्या मिरच्यांचा ठेचा असा तो बेत होता. आमच्या कोकणात पिठले म्हणजे कुळथाचे; हरभऱ्याच्या डाळीच्या पिठाचे पिठले मला नेहमी थोडे परके वाटते. पण लसणाची फोडणी वरून ओतलेले हे पिठले मी तीनदा मागून घेतले. आपल्या नागपुरी तिखटाचा दरारा शाळेच्या डब्यांच्या वेळेला तीस वर्षे मिरवणाऱ्या माझ्या मैत्रिणीने पहिल्याच ठेच्याला तांब्याभर पाणी संपवले. आजी म्हणाल्या, “सावकाश घ्या ताई, पंढरी लांब आहे अजून.” पुरंदरचे अंजीर मिळतील अशी माझी आशा होती, परंतु त्यांचा हंगाम सरला होता, त्याऐवजी आजींनी पहिल्या बहाराची दोन सीताफळे आमच्या पदरात टाकली.

दुपारी सोपानकाकांच्या देवळाकडे निघालो. सासवड हे ज्ञानदेवांच्या धाकट्या भावाचे समाधिस्थान. शके १२१८ च्या कार्तिकात ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली आणि महिनाभराने, मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला, सोपानदेवांनी इथे. थोरल्या भावाची पालखी गावात मुक्कामाला असतानाच, त्याच द्वादशीला, सोपानकाकांची पालखी पंढरीसाठी निघते. मला हे आधी विचित्र वाटले होते: पाहुणा घरी आलेला असताना यजमानाने घर सोडावे हे कसे? पण देवळासमोरच्या गर्दीत टाळांच्या आवाजात उभी असताना जाणवले की इथे यजमानपण गावाकडे आहे. भाऊ दोघेही वारकरी आहेत. दोघांच्या वाटाही वेगळ्या आहेत. माउली जेजुरी, लोणंद, फलटणकडून जातात, तर सोपानकाका बारामती, अकलूजकडून. आम्हाला समाधीचे दर्शन काही मिळाले नाही, रांग फार मोठी होती. कळसाला हात जोडले आणि खांद्यांवरून डुलत निघालेली पालखी तेवढी डोळे भरून पाहिली.

ऊन कलल्यावर संगमेश्वराला पोहोचलो. कऱ्हा आणि चांबळी यांच्या संगमावर, नदीतून चढत येणाऱ्या रुंद पायऱ्यांच्या माथ्यावर हे मंदिर आहे. पायऱ्यांवर धोतरे, लुगडी वाळत पडली होती, कोणी पायांच्या फोडांना हळद लावत होते, एक म्हातारे गृहस्थ शांतपणे तुळशीमाळेचा तुटलेला दोरा ओवत होते. मैत्रिणीला इथले दगडी कासव फार आवडले. तिने ते तीन बाजूंनी काढले. तिची शेवटची रेघ होईपर्यंत मी सीताफळे फोडली. एक अजून कच्चटच होते, दुसरे मात्र इतके पिकलेले की हातातच विरघळले, आणि त्याच्या बिया किती निघतात ते मोजण्याची माझी जुनी सवय त्या दिवशीही सुटली नाही. चव्वेचाळीस निघाल्या.

वही हरवल्याचे दुसऱ्या दिवशी जेजुरीच्या वाटेवर लक्षात आले. संध्याकाळी तळावर समाजआरतीला चोपदारांनी चोप उंचावला, शेकडो टाळ एका क्षणात थांबले आणि सापडलेल्या वस्तूंची यादी सांगितली गेली. मैत्रीण माझा हात घट्ट धरून ऐकत होती. चष्मा, पिशव्या, एक टाळ, किल्ल्यांचा जुडगा, वही नव्हती. राहुटीत परतल्यावर भंडाऱ्याने पिवळ्या झालेल्या बोटांनी तिने औषधांच्या पावतीच्या पाठीमागे ते कासव आठवून पुन्हा काढले. चार पाय नीट आले, तोंड मात्र काही केल्या जमेना, आणि मग तिने मला विचारले, “ते डावीकडे बघत होते की समोर?”