मागच्या पानावरची ओळ

आज सकाळी जिन्यात शेजारच्या काकांनी थांबवलं. हातात आमदारांचा कार्यअहवाल. काँक्रीटचे रस्ते, आरोग्य शिबिर, उद्यानातली व्यायामाची साधनं, फोटोच फोटो. काकांनी लाल पेनाने एकच ओळ अधोरेखित केली होती, अगदी मागच्या पानावरची: मानीव अभिहस्तांतरणासाठी मार्गदर्शन शिबिर.

"हे डीम्ड कन्व्हेयन्सच ना रे? मग पहिल्या पानावर का नाही?"

दिवसभर तेच डोक्यात.

१९६३ च्या मोफा, म्हणजे फ्लॅटच्या मालकीबाबतच्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे, करारात वेगळी मुदत नसेल तर सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करून द्यायची असते. कितीतरी जणांनी दिलीच नाही. म्हणून २००८ मध्ये कायदा दुरुस्त झाला. बिल्डर फिरकला नाही तरी जमीन-इमारत नावावर करून घ्यायला सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करू शकते. हेच मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स.

नौपाड्यातली आमची इमारत चाळीशीला आली. प्रॉपर्टी कार्डावर नाव अजून मूळ मालकाचंच. पुनर्विकासाचं बोलणं निघालं की गाडी इथेच अडते.

काका ऐंशीच्या घरात आहेत. जाता जाता म्हणाले, "हप्ते मी फेडले, पाया अजून दुसऱ्याचाच."

रस्ता दिसतो, त्याचा फोटो निघतो. या कामाचा फोटो कसा काढणार? पण आमदारसाहेब, ती ओळ छापलीत हे खरंच चांगलं केलंत. पुढच्या वेळी वर घ्या.

शिबिराला मी आणि काका दोघंही जाणार आहोत. नोंदणी प्रमाणपत्र, करारनामे, इंडेक्स टू, सगळं आज रात्रीच कपाटातून काढलंय.

तुमच्या सोसायटीचं कन्व्हेयन्स झालंय का?