आठ वर्षं झाली, अजून सिस्टर नाही

मिरजेला जनरल नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते, टोपी धड डोक्यावर बसत नव्हती, तेव्हापासून लोक मला सिस्टर म्हणतात. सलाइन संपलं, सिस्टर. पंखा बंद पडला, सिस्टर. लंडनला येऊन आठ वर्षं झाली, आणि गेल्या मंगळवारी मला तिसऱ्यांदा कळवण्यात आलं की मी सिस्टर होऊ शकत नाही.

इथे सिस्टर हा हुद्दा आहे. २००४ पासून एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, नर्सेसना बँड असतात. नवी नर्स लागते पाचव्या बँडला, सहावा म्हणजे ज्युनियर सिस्टर, सातवीकडे वॉर्ड, म्हणजे आपली परिसेविका. पाचातून सहात आपोआप जाता येत नाही. जागा निघते, अर्ज करायचा, मुलाखत द्यायची. सेवाज्येष्ठतेची यादी हा प्रकारच नाही. मुंबईत सरकारी नोकरीत असताना त्या यादीला मी नऊ वर्षं नावं ठेवली. आता माहेरच्यासारखी आठवते.

आणि सहाव्या बँडचं काम मला येत नाही असंही नाही. आमची सिस्टर बाळंतपणाच्या रजेवर गेली तेव्हा अकरा महिने मीच ते केलं. याला 'अ‍ॅक्टिंग अप' म्हणतात. आपल्याकडचं 'प्रभारी' हो, वेगळं काही नाही. ड्युटी लावल्या, नातेवाइकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिली, बेडसाठी फोनवर भांडले. गडद निळा ट्यूनिक मिळाला होता. रजा संपली तसा धुऊन, इस्त्री करून परत दिला. मग कायमची जागा निघाली आणि ती मिळाली एका गोऱ्या मुलीला. विद्यार्थिनी असताना तिला कॅथेटर घालायला मी शिकवलं होतं. पोरगी गुणी आहे, कामाला चोख आहे, माझा तिच्यावर राग नाही. असं मी सगळ्यांना सांगते.

राग आहे तो फीडबॅकवर. मुलाखतीनंतर इथे अगदी प्रेमाने फोन करून सांगतात, काय कमी पडलं ते. पहिल्या वेळी मी फार शांत वाटले. म्हणून दुसऱ्या वेळी जरा ठणकावून बोलले, तर थोडी आक्रमक वाटले. या वेळी काय, तर 'तुम्ही सारखं आम्ही, आम्ही म्हणता. त्यात तुमचं नेतृत्व दिसलं नाही.'

प्रश्न होता, कठीण प्रसंग कसा हाताळलात. मी एका रात्रीचं सांगितलं. दोन नर्स कमी, नऊ नंबरच्या पेशंटचं हृदय अचानक थांबलं. आम्ही क्रॅश ट्रॉली ओढली, आम्ही सीपीआर सुरू केलं, आम्ही त्याच्या बायकोला फोन केला. वॉर्ड त्या रात्री माझ्या हातात होता, हे त्यांच्यासमोरच्या कागदावर लिहिलेलं होतं. पण ट्रॉली दुसरीने ओढली, छाती तिसरीने दाबली, मग 'मी केलं' कसं म्हणायचं? आपल्याकडे घरातल्या लग्नाची पत्रिकासुद्धा 'आमचे येथे' अशी सुरू होते. मी-मी करणारीला चारचौघींत काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. इथे तिला लीडर म्हणतात.

कोणी माझ्या रंगावरून अवाक्षर काढलेलं नाही, हेही लिहायला हवं. वर्णभेदावरचा ऑनलाइन कोर्स आम्हाला असतो, मी त्यात छान पास होते. शिवाय एनएचएस स्वतःची मोजदाद स्वतःच छापते, हे मला मनापासून आवडतं. २०१५ पासून दर वर्षी. २०२३ च्या आकड्यांत इंग्लंडमधल्या कर्मचाऱ्यांपैकी २६.४ टक्के लोक आमच्यासारखे, गोरे नसलेले. सगळ्यात वरच्या व्यवस्थापकांत ११.२ टक्के. मुलाखतीला बोलावलेल्यांतून निवड होण्याची शक्यता गोऱ्यांची साधारण दीडपट. म्हणजे माझा 'आम्ही' एकटा नाही. आपल्याकडे कोणी असले आकडे छापेल का, जातीनिहाय, हॉस्पिटलनिहाय? छापून काय फरक पडला, हे मात्र मला विचारू नका.

शेजारच्या वॉर्डातली सिस्टर जमैकन घरातली. फोन आला त्या दिवशी तिनेच मला चहाच्या खोलीत ओढून नेलं. तिची आई साठच्या दशकात नर्स व्हायला आली. तिला 'स्टेट एनरोल्ड' च्या दोन वर्षांच्या कोर्सला घातलं. तीन वर्षांचा 'स्टेट रजिस्टर्ड' वेगळा असतो आणि बढती त्यालाच मिळते, हे तिला कोणी सांगितलंच नाही. कॅरिबियनमधून आलेल्या कितीतरी मुलींचं हेच झालं. त्याच काळात, १९६४ मध्ये, गयानाच्या डॅफ्नी स्टील यॉर्कशरमध्ये इल्कलीला एनएचएसच्या पहिल्या कृष्णवर्णीय मेट्रन झाल्या. "माझ्या आईला तेव्हा हेच सांगायचे," ती म्हणाली, "बघ, ती झालीच ना."

आई फोनवर म्हणते, परत ये. पर्मनंट नोकरी सोडून गेलीस, वर हे. पण आई, तिकडे डॉक्टर आले की आम्ही खुर्चीवरून उठायचो. इथे कन्सल्टंट मला नावाने हाक मारतात आणि चहा विचारतात. घराचे हप्ते आहेत, पुढच्या वर्षी लेकीची जीसीएसई, म्हणजे इथली दहावी, आहे. पाचव्या बँडातही बरं चाललंय.

अजून एक आहे, ते आईला सांगितलेलं नाही. मुंबईला आमच्या वॉर्डात केरळची एक सिस्टर होती, माझ्याहून सीनियर. नाइटची इन्चार्ज तिला करायची नाही असं ठरलं, कारण काय, तर 'तिला नातेवाइकांशी नीट बोलता येत नाही'. तिची मराठी आमच्या कोल्हापूरच्या वॉर्डबॉयपेक्षा शुद्ध होती. मी मान डोलावली. इन्चार्ज मी झाले.

नोव्हेंबरात पुन्हा जागा निघणार आहे. रात्री भांडी झाली की स्वयंपाकघरात लेक माझी मुलाखत घेते. 'आम्ही' आलं की फ्रिजवरच्या कागदावर रेघ ओढते. काल सतरा झाल्या. नऊ नंबरच्या पेशंटचं ऐकून तिने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "पण आई, तो वाचला का?"

वाचला. हे पॅनेलवर कोणी विचारलं नव्हतं.